भाडं ठरवताना वॉचमनला आधी गाठ

पुण्यात पहिल्यांदाच फ्लॅट बघतोयस, तर एजंटने सांगितलेला आकडा शेवटचा धरू नकोस. आधी बिल्डिंगच्या वॉचमनला चहा पाज आणि फ्लॅट कधीपासून रिकामा आहे ते काढून घे. दोन-तीन महिने कुलूप असेल तर मालकालाही घाई असते, हजार-दीड हजार सुटू शकतात. भाड्यावर अडून बसला तर डिपॉझिट कमी करून माग, नाहीतर रंगकाम आणि गीझर तरी. मेंटेनन्स भाड्यातच धरलाय का, हे आकडा ठरायच्या आत विचार; बरेच जण इथेच फसतात. अकरा महिन्यांनंतरची वाढ करारात लिहून घे. आणि करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. ‘नोटरीवर भागवू’ म्हणाला तर ऐकू नकोस.