उत्साहावर विरजणच का पडतं?

पंचवटीत आमच्या शेजारी राहणाऱ्या दहावीतल्या मुलीने परवा विचारलं, "काकू, दही तर आपल्याला हवंच असतं. मग 'उत्साहावर विरजण पडलं' हे वाईट अर्थाने का म्हणतात?" प्रश्न मला फार आवडला.

कोमट दुधात आपण चमचाभर दही किंवा ताक घालतो, ते विरजण. त्यातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात आणि दूध घट्ट बसतं. नाशिकच्या डिसेंबरात दही लवकर लागत नाही, म्हणून माझ्या सासूबाई पातेलं जुन्या शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवायच्या. सकाळी झाकण काढून पातेलं किंचित कलतं करायचं. कवडी हलली नाही की त्यांचा चेहरा खुलायचा. मग अशा गोष्टीवर राग का?

मला वाटतं, उत्तर दुधातच आहे. आनंदाच्या उकळ्या फुटतात, उत्साह उतू जातो. आपलं हर्षाचं बोलणं चुलीवरच्या दुधासारखंच आहे. त्यात विरजण पडलं की सगळी सळसळ थांबते. चमचाभर पुरतं, आणि झालेल्या दह्याचं पुन्हा दूध होत नाही. बासुंदीसाठी काढून ठेवलेल्या दुधात ते पडलं तर बेतच मोडला.

क्रियापदाकडेही बघा. घरात आपण विरजण 'लावतो'. वाक्प्रचारात ते 'पडतं', नाहीतर कुणीतरी 'घालतं'. 'उत्साहाला विरजण लावलं' असं कुणी म्हणत नाही, कारण लावण्यात काळजी आहे, ठरवून केलेलं काम आहे.

'पाणी फिरणं' मात्र वेगळं. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षं काढणीला आली की अवकाळी पाऊस येतो, मणी तडकतात. तेव्हा शेतकऱ्याच्या आशेवर विरजण पडतं, पण त्याच्या कष्टांवर पाणी फिरतं. बातम्यांत 'मेहनतीवर विरजण' वाचलं की मला खटकतं. मेहनत उतू जात नाही, ती केलेली असते आणि वाहून जाते. 'मिठाचा खडा' तिसराच: त्याने दूध नासतं, म्हणून तो जुळलेल्या नात्यांत किंवा रंगलेल्या बैठकीत पडतो.

आणि लिहिताना 'विरजण' लिहा, 'विरझण' नको. उच्चार 'जवळ'मधल्या ज सारखा.