चार वर्षं उभी असलेली पद्मिनी सुरू झाली, पण काळा धूर मारते. कार्ब्युरेटर बदलावा का?

एवढ्यात बदलू नका. तुम्ही लिहिलंय की १९८६ची प्रीमियर पद्मिनी चार वर्षं बंद होती, आता सुरू होते पण काळा धूर येतो, प्लग काजळतात, गरम झाली की स्लोवर (अॅक्सिलरेटर न दाबता) चालू राहत नाही, आणि मिस्त्रीने कार्ब्युरेटरवरचा मिक्श्चरचा, म्हणजे पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा स्क्रू फिरवूनही फरक पडला नाही. कसा पडेल? तो स्क्रू फक्त स्लोचं मिश्रण ठरवतो, रस्त्यावर पळताना येणाऱ्या धुराशी त्याचा संबंध नाही. शिवाय उभ्या गाडीतला स्क्रू काही आपोआप फिरत नसतो. गाडी ठेवताना नीट चालत होती, म्हणजे आता काहीतरी अडकलंय किंवा तुंबलंय.

आधी डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी वर चढली असेल, तर इंजिन चालवूच नका, बेअरिंगं जातील. कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होऊन पेट्रोल सिलेंडरवाटे खाली उतरतं, नाहीतर इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटून थेट ऑइलमध्ये जातं. दोन्ही तपासून ऑइल बदला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं नसेल तर तेही काढा.

मग चोक, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना जास्त पेट्रोल देणारी सोय. डॅशबोर्डवरचं बटण आत गेलं म्हणजे चोक बंद झाला असं धरू नका. केबल गंजली की बटण आत जातं आणि कार्ब्युरेटरवरचा लिव्हर अर्ध्यातच राहतो. बॉनेट उघडून लिव्हर बोटाने पूर्ण मागे ढकला. धूर थांबला तर केबल बदला, काम झालं. तुमच्या सोलेक्स कार्ब्युरेटरमध्ये बटरफ्लाय (तोंडावरची झडप) न दिसता बाजूला फिरणारी चकती असेल, तर तो चोक म्हणजे वेगळा छोटा कार्ब्युरेटरच असतो. चकती नीट बसली नाही की तिथून सतत जास्तीचं पेट्रोल जात राहतं.

माझा खरा संशय मात्र निडल आणि फ्लोटवर आहे. फ्लोट कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलवर तरंगतो, आणि वाटी पुरेशी भरली की निडल वर ढकलून पेट्रोल बंद करतो. एअर फिल्टर काढा (आत उंदराचं घरटं नाही ना, तेही बघा), इंजिन स्लोवर ठेवा आणि जरा लांबूनच, तोंड बाजूला ठेवून टॉर्चने कार्ब्युरेटरच्या घशात बघा. स्लोवर असताना मधल्या मोठ्या नळीतून पेट्रोल टपकता कामा नये. टपकत असेल तर वाटीतली पातळी वर गेलीय. सुकलेल्या पेट्रोलचा चिकटा निडलवर बसतो आणि ती पूर्ण बंद होत नाही. इंजिन थंड झाल्यावर वरचं झाकण काढून निडल व्हॉल्व्ह सोडवा, कार्ब क्लीनरने धुवा, निडल बोटाने दाबून रबरी नळीने फुंका. हवा गेली तर नवी निडल घाला. फ्लोट पितळी असेल तर कानाशी धरून हलवा. आत खुळखुळ ऐकू आली तर तो भोक पडून पेट्रोल प्यायलाय.

इथेच एक बारीक भानगड असते. निडल व्हॉल्व्हखालचा वॉशर फक्त गळती थांबवायला नसतो, त्याच्या जाडीवर पेट्रोलची पातळी ठरते. कोणीतरी पातळ वॉशर घातला किंवा घालायलाच विसरलं, तर व्हॉल्व्ह वर सरकतो, उशिरा बंद होतो आणि सगळं नवं असूनही गाडी काळा धूर मारते.

पुढे जेट, म्हणजे पेट्रोल किंवा हवा मापून सोडणारी बारीक भोकं. पेट्रोलचा जेट तुंबला तर पेट्रोल कमी पडतं, पण हवेचा तुंबला तर मिश्रण घट्ट होतं (पेट्रोल जास्त, हवा कमी), म्हणून हवेची भोकं आधी साफ करा. कंप्रेसरची हवा मारा, तार खुपसू नका. सोलेक्सच्या जेटवर १२० लिहिलं असेल तर भोक १.२० मिमी. तारेने ते थोडं जरी रुंदावलं तरी गाडी कायमची पेट्रोल खाणार.

'हल्लीच्या पेट्रोलमुळे असं होतं' हेही तुम्हाला ऐकायला मिळेल. २० टक्के इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्राम खराब करतं हे खरं, पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्याने मिश्रण उलट पातळ होतं. जेट तेच असताना धूर काळा येतोय, याचा अर्थ पेट्रोल कुठूनतरी चांगलंच जास्त येतंय.

एवढं करूनही प्लग काळेच राहिले तर सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगीसाठी करंट तोडणारे कॉन्टॅक्ट) बघा. उभ्या गाडीत ते गंजतात, ठिणगी अशक्त होते, पेट्रोल अर्धवट जळतं आणि बदनाम होतो कार्ब्युरेटर.

मिक्श्चरचा स्क्रू सगळ्यात शेवटी. इंजिन बंद असताना हलक्या हाताने पूर्ण आत न्या आणि दीड फेरा बाहेर काढा. मग इंजिन सुरू करून गरम करा. आत फिरवला की पेट्रोल कमी होतं. अडखळेपर्यंत आत घ्या, मग थोडा सोडा. त्यानंतर साफ केलेले प्लग घालून दहा-पंधरा किलोमीटर चालवा आणि परत काढून बघा. तपकिरी दिसले की झालं.

मुंबईत असाल तर जुन्या टॅक्सीवाल्यांचा मिस्त्री गाठा. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाल्या, तरी सोलेक्स हातात खेळवलेली ती माणसं अजून आहेत. कार्ब्युरेटरचं रिपेअर किट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर विचारा. किट टाकून बघितल्याशिवाय नव्या कार्ब्युरेटरवर पैसे घालू नका.