भीतीला आधी बसायला जागा दे

प्रिय विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या वर्गातील दहावीची एक मुलगी गणिताच्या तासाला थरथरू लागते आणि "घाबरू नकोस" असे तू कितीदा सांगितलेस तरी सावरत नाही, हे वाचले. स्वतंत्र विभागीय मंडळ झाल्यापासून कोकणचा दहावीचा निकाल राज्यात आघाडीवर राहिला आहे. त्याचा अभिमान आपण मिरवतो आणि ओझे मात्र मुले वाहतात.

धीर देण्याच्या नावाखाली मीही पुष्कळ मुलांना गप्प केले आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये काही विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितले, तेव्हा तेच अस्वल त्यांना पुन्हापुन्हा आठवत राहिले. भीतीचेही तसेच आहे. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून विकसित केलेली स्वीकार व वचनबद्धता उपचारपद्धती म्हणूनच भीती घालवण्याच्या मागे लागत नाही. भीती सोबत असतानाही आपल्याला मोलाचे वाटणारे काम कसे करता येईल, हे शिकवते.

त्या मुलीला "मी नापास होणार" याऐवजी "मी नापास होणार असा विचार माझ्या मनात आला आहे" असे म्हणायला सांग. नंतर दोघी मिळून "नापास" हा एकच शब्द अर्धा मिनिट भरभर उच्चारा. त्यातला अर्थ विरत जातो, उरतो तो नुसता आवाज, आणि बहुधा हसूही येईल. मग छातीत धडधडते कुठे, हात गार पडतात का, हे घाई न करता विचार. बंदरावर आईच्या मासळीचा हिशोब ती बिनचूक ठेवते, असे तूच लिहिले आहेस. तो हिशोब तिला का आवडतो, हे विचारायला विसरू नकोस. पुढची वाट तिथूनच सापडेल. त्या वाटेवरचे पाऊल लहान असू दे: रोज एकच उदाहरण, भीतीसकट.

मात्र घरी मारहाण होत असेल किंवा कोणी छळत असेल, तर ते स्वीकारायला शिकवणे हा अपराध ठरेल. तिथे परिस्थितीच बदलली पाहिजे. जीव देण्याची भाषा कानावर आली, तर तिला एकटी सोडू नकोस, घरच्यांना बोलाव, १४४१६ या टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर फोन कर आणि तिला डॉक्टरांकडे ने. आपण शिक्षक आहोत, उपचारक नाही.

सोमवारी चाचणी आहे म्हणतेस. गुण कळवू नकोस; वेळ संपेपर्यंत ती बाकावर बसून राहिली का, तेवढे लिही.