आजोबांनी काढलेले पानशेत पुराचे फोटो संग्रहालयाला द्यावेत का?

द्या, नक्की द्या, फक्त घाई करू नका. तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या ट्रंकेत पुराचे फोटो आणि निगेटिव्ह सापडल्या पण ते काही फोटोग्राफर नव्हते, मग कोण घेणार. अहो, नव्हते म्हणूनच तर हवेत! १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला धरण गेलं, तेव्हा पेपरवाल्यांनी पुलांचे फोटो काढले, पडलेल्या वाड्यांचे काढले, पण बोळात नि माजघरात काय झालं ते घरातल्याच कुणाकडे कॅमेरा असला तरच टिपलं गेलं.

माझ्या आत्याकडे नारायण पेठेतल्या वाड्याचा एक फोटो आहे. ओसरीवर दुकानाच्या चोपड्या वाळत टाकल्यात, पानं फुगून वर आलेली, आणि मागच्या भिंतीवर दाराच्या चौकटीच्याही वर चिखलाची सरळ रेघ. वाडा नक्की कुठला ते कळलं तर तिथे पाणी किती चढलं होतं ते त्या रेघेवरून आजही सांगता येईल. मागे पेन्सिलीने नुसतं 'रविवार' लिहिलंय. पूर बुधवारचा, आत्या म्हणते पाणी ओसरल्यावरचा पहिलाच रविवार, म्हणजे १६ जुलै. आत्याला विचारलं नसतं तर तो शब्द वाया गेला असता.

म्हणून आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकेक फोटो दाखवा आणि बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, वाडा कुणाचा, आता तिथे कुठली बिल्डिंग, पुढे कोण गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत गेलं, सगळं.

अल्बममधून फोटो ओरबाडू नका, मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिल घ्या. निगेटिव्ह तर अजिबात टाकू नका, कडेच्या नंबरांवरून कुठला फोटो आधी कुठला नंतर ते कळतं. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फिल्म खराब होत चाललीय, ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवून लगेच स्कॅन करून घ्या.

सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं, शुक्रवार पेठेत केळकर संग्रहालय आहे, पण पिशवी घेऊन जाण्याआधी फोन करून विचारा की फोटो घेतात का आणि ठेवतात कसे. देणगीपत्र मागा. मूळ प्रत दिली म्हणजे छापायचे हक्कही दिले असं आपोआप होत नाही, ते वेगळं लिहावं लागतं. आणि फोटोखाली आजोबांचं पूर्ण नाव यायला हवं हेही त्यातच लिहून घ्या, नाहीतर 'खासगी संग्रहातून' एवढंच छापून येतं.