गुडघ्याचा जुळा आणि रोबोचा हात

प्रश्न : आईचा गुडघा बदलायचाय. डॉक्टर म्हणाले रोबोटिक करू, आधी सीटी काढून गुडघ्याचा डिजिटल ट्विन, म्हणजे कॉम्प्युटरमधला जुळा, बनवतो आणि मग रोबो त्याप्रमाणे काम करतो. आई म्हणते मशीनच्या हातात पाय देणार नाही. तिला काय सांगू?

उत्तर : आधी आईंच्या भीतीचं बघू. रोबो म्हटलं की डोळ्यांपुढे माणसासारखं काहीतरी येतं, प्रत्यक्षात तो ट्रॉलीवर बसवलेला एक जाडजूड हात असतो आणि त्याच्या टोकाला करवत. माको नावाच्या रोबोसारख्या सिस्टीममध्ये ती करवत सर्जनच धरतो. ठरलेल्या हद्दीत ती मोकळी फिरते, बाहेर न्यायला गेलं की हात अडतो, भिंतीला टेकल्यासारखा. म्हणजे कापतो सर्जन आणि अडवतं मशीन. एवढंच सांगून बघा, निम्मी भीती तिथेच जाईल.

ती हद्द ठरवतो पण सर्जनच. सीटीवरून हाडाचं थ्रीडी मॉडेल बनतं, त्यावर इम्प्लांटचा, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याचा, साईज, अँगल, किती मिलिमीटर हाड काढायचं हे आधीच मांडून ठेवतात. पण आईंचा खरा पाय टेबलावर नेमका कुठे आहे हे कॉम्प्युटरला कुठून कळणार, म्हणून मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून त्यावर ट्रॅकर लावतात, कॅमेरा त्या ट्रॅकरवर नजर ठेवून असतो आणि सर्जन एक टोकदार पॉइंटर हाडावर एकेका जागी टेकवत जातो, टेकवला की स्क्रीनवर ठिपका, पुढे टेकवला की पुढचा ठिपका. बघायला कंटाळवाणं आहे, पण सगळा खेळ इथेच आहे, कारण ही जुळणी चुकली तर पुढचं सगळं अगदी अचूकपणे चुकीच्या जागी होणार. मग गुडघा वाकवून, सरळ करून लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारे पट्टे, किती ताणले जातात ते बघतात आणि गरज वाटली तर प्लॅन तिथल्या तिथे बदलतात. मला विचाराल तर यात ट्विन म्हणण्यासारखं काही असलंच तर ते तेवढ्या वेळापुरतं.

कारण नुसत्या सीटी मॉडेलला ट्विन म्हणणं मला जरा जास्तच वाटतं. हा शब्द आलाय कारखान्यांतून आणि अंतराळयानांच्या कामातून. खऱ्या यंत्रावरचे सेन्सर आकडे पाठवत राहतात आणि कॉम्प्युटरमधलं त्याचं जुळं भावंड तसतसं बदलत जातं, सोबत म्हातारंही होतं. गुडघ्याचं मॉडेल स्कॅनच्या दिवशी जन्मलं आणि तिथेच थांबलं. त्यात हाड झकास दिसतं, पण मांडीच्या स्नायूंत किती दम आहे, आई नंतर व्यायाम करणार की टाळाटाळ, हे त्यात नसतं, आणि चालणं कसं होणार हे बरंचसं त्यावरच असतं. रोबोने इम्प्लांट ठरल्या जागी जास्त नेमकं बसतं हे अभ्यासांत दिसलंय, पण काही वर्षांनी पेशंटला स्वतःला त्यामुळे फार फरक जाणवतो असं तितक्या ठामपणे दिसलेलं नाही.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. असे गुडघे तुम्ही स्वतः किती केलेत, आणि मशीन मधेच बंद पडलं तर नेहमीच्या पद्धतीने पुरं करता ना? दुसऱ्याला "हो" पटकन यायला पाहिजे.

प्रश्न : मला टाइप १ डायबिटीस आहे, साखर मोजणारा सेन्सर लावलाय. एक ॲपवाले म्हणतात तुमचा ट्विन बनवू, इन्सुलिनचा डोस तोच सांगेल. भरवसा ठेवू का?

उत्तर : कल्पना हवेतली नाही. व्हर्जिनिया आणि पादोव्हा या दोन विद्यापीठांनी मिळून एक सिम्युलेटर, म्हणजे शरीरातल्या साखरेची नक्कल करणारा प्रोग्रॅम, बनवला, त्यातले कॉम्प्युटरमधले पेशंट इन्सुलिन देणाऱ्या प्रोग्रॅमच्या चाचणीसाठी प्राण्यांऐवजी चालतील असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २००८ मध्ये मान्य केलं. २०१६ मध्ये सेन्सर बघून इन्सुलिन आपोआप कमीजास्त करणारा पहिला पंप तिथेच मंजूर झाला. पण त्याला हायब्रिड म्हणायचे, का तर दोन जेवणांमधला वेळ तो सांभाळायचा आणि जेवणाचं मात्र तुम्हीच सांगायचं.

आणि सेन्सर रक्तात नसतो, कातडीखालच्या द्रवात असतो, साखर झपाट्याने उतरत असली की तो काही मिनिटं मागे असतो. जिना चढून आलात, हात थरथरतायत, घाम फुटलाय आणि स्क्रीन म्हणतेय ८५, अशा वेळी हाताचं ऐका, बोटाला टोचून बघा. सेन्सरच मागे तर त्याच्यावर चालणारा ट्विन पुढे कसा असेल?

ॲपवाल्यांना विचारा की डोस सांगायची मंजुरी आहे की नुसतं वेलनेस, म्हणजे तब्येतीच्या सर्वसाधारण सल्ल्याचं ॲप. आणि सेन्सर दोन दिवस निघाला तर ट्विन काय करतो, गप्प बसतो की शिळ्या आकड्यांवर ठोकून देतो? गप्प बसणारा बरा. तोवर डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, प्लीज.

प्रश्न : दुर्बिणीच्या रोबोटिक ऑपरेशनमध्ये मधेच नेट गेलं तर? आणि रोबो एकटा ऑपरेशन कधी करणार?

उत्तर : नेटचा फारसा संबंध नाही, दा विंचीसारख्या मशीनमध्ये सर्जन बहुतेक त्याच खोलीत कन्सोलवर, म्हणजे रोबोचे हात चालवायच्या टेबलावर, बसलेला असतो आणि मधे केबल असते. लांबून करूनही झालंय, २००१ मध्ये सर्जन न्यूयॉर्कला, पेशंट फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला, आणि काढलं पित्ताशय, पण त्यासाठी खास फायबर लाइन घेतली होती. एकट्याचं म्हणाल तर जॉन्स हॉपकिन्सच्या टीमने २०२२ मध्ये डुकराच्या आतड्याची टाके घालून जोडणी रोबोकडून बरीचशी स्वतःहून करून घेतली, माणसं लक्ष ठेवून होतीच. तिथून तुमच्या-माझ्या पोटापर्यंत यायला अजून वेळ आहे.

मी एकदा सरावाच्या कन्सोलवर बसलो होतो. टाका घालायचा होता, धागा ओढला, अजून ओढला, बोटांना काही म्हणजे काही कळेना आणि तो टचकन तुटला. शेजारचा ट्रेनर हसून म्हणाला, हाताने नाही, डोळ्यांनी ओढ, धाग्याजवळची कातडी कुठे पांढरी पडते ते बघ. अगदी अलीकडच्या मॉडेलमध्ये हा ताण हाताला जाणवण्याची सोय आलीय, सगळीकडे असेलच असं नाही.