धुऱ्यावरची प्रार्थना आणि काट्यावरचा किलो

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमचे एकच ख्रिस्ती घर आहे. यजमान तालुक्याच्या मंडळीत पंच आहेत. गावात कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादहीची पूजा करतात. आम्ही त्याऐवजी रोज वेचणी सुरू होण्याआधी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, प्रार्थना करतो. वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी वजनकाट्याजवळ मी बसते आणि सासऱ्यांच्या काळापासूनच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या दर गाठोड्यामागे 1 किलो कमी लिहिते. परवा एक बाई सर्वांदेखत म्हणाली, "सकाळी धुऱ्यावर डोये मिटता, मंग संध्याकाळी काट्यावर तरी उघडा नं बाई." यजमान म्हणतात, सारे गाव असेच करते. आमच्यामुळे देवाच्या नावाला बट्टा लागला, असे मला वाटते. धुऱ्यावरची प्रार्थना बंद करावी का? नाताळात सगळ्या बायांना साड्या द्याव्यात, असेही मनात आहे.

उत्तर:

प्रिय भगिनी,

प्रार्थना बंद करू नका. ती बंद केल्याने तुमचा संकोच तेवढा कमी होईल. त्या बाईचा किलो तिला परत मिळणार नाही. तुमचे पत्र वाचताना मला एक शंका आली आणि ती स्पष्ट लिहिते, कारण तुम्ही ती सहन कराल असे पत्राच्या सुरावरून वाटते. तुम्हाला टोचले ते बायांचे नुकसान, की ते चारचौघांत बोलले गेले हे? गावात एकच ख्रिस्ती घर असले की देवाचे नाव आणि घराण्याचे नाव यांची सरमिसळ फार लवकर होते, आणि मग आपण घराण्याचे नाव जपतो व त्यालाच साक्ष म्हणतो. ती बाई बोलली नसती, तरी किलो तेवढाच कमी लिहिला गेला असता.

"तुझे नाव पवित्र मानले जावो" असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर उपासना आणि गीते येतात. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात मात्र देवाच्या नावाने खोटी शपथ वाहून ते नाव भ्रष्ट करू नका, ही आज्ञा 12व्या वचनात आहे आणि लगेच 13व्या वचनात मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नका, असे सांगितले आहे. त्याच अध्यायाच्या शेवटी खरा तराजू आणि खरी वजने येतात. यिर्मयाच्या 34व्या अध्यायातला प्रसंग तर तुमच्या अंगणातला वाटावा असा आहे. सिद्कीया राजाच्या काळात यरुशलेमेतल्या लोकांनी मंदिरात, देवासमोर करार करून आपले इब्री दास मोकळे केले आणि नंतर मन बदलून त्यांनाच पुन्हा राबायला धरून आणले. तुम्ही माझे नाव भ्रष्ट केले, असे देव त्यांना म्हणतो. मूर्तिपूजेचा किंवा चुकलेल्या उपासनेचा विषय तिथे नाही; मंदिरात दिलेला शब्द घरच्या राबणाऱ्या माणसांच्या बाबतीत मोडला, एवढाच तो अपराध आहे.

आता काट्याविषयी. गाठोड्याच्या कापडाचे वजन आणि दवाची ओल या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यामुळे काहीच वजा करू नका, असे मी म्हणणार नाही. रिकामे कापड सर्वांसमोर एकदा तोला आणि जेवढे भरेल तेवढेच वजा धरा. दव असेल तर ऊन चढल्यावर वेचणी सुरू करा. ते शक्य नसेल तर किती वजा होईल हे सकाळीच ठरवून सांगा, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्या दुसऱ्या शेतात जाऊ शकतील. यजमानांना सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्राची आठवण द्या. तिथे ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव मिळतो, 12 टक्क्यांपर्यंत असेल तर कपात होते, आणि त्यापुढे कापूस नाकारला जातो. हा नियम कडक वाटला, तरी तो आधीच जाहीर असतो. तुमच्या अंगणातला किलो कोणी मोजलेला नाही, आणि ज्यांचा तो जातो त्यांना कोणी विचारलेले नाही.

यजमानांशी बोलण्याआधी पाळकांकडे जाऊ नका. मत्तयाच्या 18व्या अध्यायात आधी एकट्याने, एकांतात बोलण्याची रीत सांगितली आहे, आणि ती नवराबायकोलाही लागू आहे. ते पंच आहेत म्हणून त्यांना लाजवण्याचा मोह होईल, तो टाळा. रात्री या हंगामाची वही घेऊन दोघे बसा आणि कोणाचे किती किलो गेले याची बेरीज करा. "सारे गाव करते" या वाक्यापुढे आकडा ठेवला, की ते वाक्य बरेच नरम पडते, असा माझा अनुभव आहे. तरीही ते ऐकणार नाहीत, असे होऊ शकते. पण लेखणी तुमच्या हातात आहे. काटा 22 दाखवत असताना 21 लिहायला तुम्ही शांतपणे नकार देऊ शकता. पत्नीचे कर्तव्य तिथपर्यंत ताणलेले नाही.

परतफेडीसाठी लेवीयच्या 6व्या अध्यायातला नियम मला आजही सर्वांत व्यवहारी वाटतो: जे घेतले ते पूर्ण द्यावे, वर पाचवा हिस्सा द्यावा, आणि अर्पण त्याच दिवशी आणावे. म्हणजे हिशेब आणि उपासना यांना वेगवेगळे दिवस नाहीत. मागच्या वर्षांच्या वह्या नसतील तर बायांनाच विचारा. आपला किती कापूस गेला हे त्यांना पक्के आठवत असते. जी बाई बोलली तिला सर्वांत आधी द्या, आणि तिने ज्यांच्यासमोर सांगितले त्यांच्यासमोरच द्या. तेव्हा प्रार्थना करू नका, वचनही सांगू नका.

साड्यांविषयी माझे मत तुम्हाला कदाचित कठोर वाटेल. मजुरी बाकी असताना दिलेली साडी बाई घेईल, आभारही मानेल, आणि घरी गेल्यावर किलोचा हिशेब लावून पाहील. म्हणून कापसाचा चुकारा हाती आला की आधी रोख रक्कम चुकती करा. साड्या नाताळात द्या, आणि यंदा दोन्ही झेपत नसेल तर साड्या पुढच्या वर्षी.