‘खंडित कालमालिका’ की ‘छेदित कालश्रेणी’?

प्रश्न असा आहे : सार्वजनिक आरोग्यावरील एका अहवालाच्या मराठी अनुवादात ‘इंटरप्टेड टाइम सिरीज’ या अभ्यासपद्धतीला (एखादा उपाय लागू होण्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका ओळीत मांडून त्याचा परिणाम जोखण्याची पद्धत) ‘खंडित कालमालिका’ म्हटले आहे. हा शब्द योग्य आहे का, आणि नसल्यास कोणता वापरावा?

मला तो योग्य वाटत नाही, आणि माझी हरकत मुख्यतः ‘खंडित’ या विशेषणाला आहे. वीजपुरवठा खंडित झाला म्हणजे दिवे गेले. मूर्ती खंडित झाली म्हणजे तिचा एखादा अवयव गेला. खंडित म्हटले की काहीतरी तुटले, थांबले किंवा उणे झाले, असेच मराठी वाचक समजतो. या पद्धतीत मात्र आकड्यांची माळ शक्यतो कुठेच तुटू नये, यावर सारी भिस्त असते.

एक उदाहरण जवळून पाहू. इटलीत १० जानेवारी २००५ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानास बंदी आली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या तीव्र विकारामुळे तिथल्या सिसिली बेटावर रुग्णालयात दाखल झालेल्यांची दरमहा संख्या २००२ ते २००६ या काळासाठी हाताशी होती. आलेखावर महिन्यागणिक एक ठिपका द्यायचा आणि जानेवारी २००५ पाशी एक उभी रेघ मारायची. ठिपके तिच्या अलीकडे आहेत, तसेच पलीकडेही आहेत. अलीकडच्या ठिपक्यांवरून काढलेली रेषा मग तुटक रेघांनी पलीकडे वाढवायची. बंदी आली नसती, तर आकडे कुठे गेले असते, हे ती सांगते. (शाळेच्या व्याकरणात ‘पाऊस पडला असता, तर पीक आले असते’ अशा वाक्यांवरून आपण संकेतार्थ शिकलो, ती तुटक रेषा म्हणजे आलेखातला संकेतार्थच.) प्रत्यक्ष ठिपके या रेषेच्या जितके खाली, तितका बंदीचा परिणाम. बर्नाल, कमिन्स आणि गास्पारिनी या संशोधकांनी हेच आकडे घेऊन ही पद्धत समजावून सांगितली आहे आणि त्यांच्या हिशेबात घट सुमारे ११ टक्के भरली.

इतका खटाटोप का, तर ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली’ असे झाले नाही ना, हे पाहण्यासाठी. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात १९५५ मध्ये रस्त्यांवर ३२४ माणसे दगावली. वर्षअखेरीस गव्हर्नर रिबिकॉफ यांनी वेगमर्यादा मोडणाऱ्यांवर कडक कारवाई जाहीर केली आणि १९५६ चा आकडा २८४ वर आला. केवळ हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर कारवाईचा विजय दिसतो. कॅम्पबेल आणि रॉस या संशोधकांनी १९६८ मध्ये आधीची व नंतरची वर्षे एका ओळीत मांडली, तेव्हा १९५५ हेच नेहमीपेक्षा फार वाईट वर्ष होते आणि त्यानंतर काहीशी घट एरवीही झालीच असती, हे लक्षात आले. फांदी आधीपासून करकरत होती का, हे कळायचे तर कावळा बसण्यापूर्वीची नोंद लागते.

आता शब्दाकडे. या उभ्या रेघेचे काम मराठीत ‘छेद’ या शब्दाने नेमके सांगता येते. भूमितीत एक रेषा दुसरीला छेदते, तेव्हा कोणतीच संपत नाही. ‘रूढीला छेद देणे’ या प्रयोगातही रूढी असते, चाललेली असते, आणि तिला आडवे काहीतरी जाते. म्हणून मी ‘छेदित’ पसंत करीन. ‘व्यत्ययित’ असाही शब्द कोणी सुचवील. पण व्यत्यय म्हणजे अडथळा, आणि येथे कोणी कशाला अडवलेले नाही. शिवाय उच्चारताना जीभ अडखळते ती वेगळीच.

‘मालिका’ चुकीचा नाही. परंतु ‘मालिका खंडित’ वाचताच रोज रात्री आठचे प्रक्षेपण आठवते, त्याला इलाज नाही. ‘श्रेढी’ दहावीच्या गणितात ठरावीक नियमाने वाढणाऱ्या संख्यांसाठी रूढ झाली आहे आणि रुग्णसंख्या असा नियम पाळत नाही. अर्थशास्त्राच्या मराठी लेखनातली ‘कालश्रेणी’ येथे बरी.

छेदानंतर होणारे बदल दोन प्रकारचे असतात : एक आकड्यांच्या पातळीतला, दुसरा रेषेच्या चढातला, म्हणजे आकडे ज्या गतीने वाढतात किंवा घटतात तिच्यातला. ‘चढ’ ही पाठ्यपुस्तकातली संज्ञा अचूक आहे, पण ‘चढ ऋण झाला’ हे वाक्य आरोग्य कर्मचाऱ्याला वाचायला दिले, तर तो क्षणभर थांबेल. आजारपणाच्या आपल्या भाषेत हा भेद फार पूर्वीपासून आहे. ‘ताप उतरला’ म्हणजे पातळी खाली आली. ‘आजाराला उतार पडू लागला’ म्हणजे रोज थोडे थोडे कमी होऊ लागले. सिसिलीच्या अभ्यासात पहिला प्रकार गृहीत धरला होता. लोकांच्या सवयी हळूहळू बदलवणाऱ्या मोहिमेत दुसराही तपासावा लागेल, आणि तेथे ‘उतार’ हा शब्द बिनदिक्कत वापरावा.

‘खंडित’ मात्र टाकून देऊ नये. नोंदवहीची पद्धत मध्येच बदलली, किंवा काही महिन्यांचे आकडेच मिळाले नाहीत, तर ती श्रेणी खरोखर खंडित होते आणि मग छेदाच्या दोन्ही बाजूंची तुलना संशयास्पद ठरते. दोन्ही गोष्टींना एकच शब्द दिला, तर पद्धतीचे नाव आणि तिच्यातला दोष यांत फरक उरत नाही.

‘इंटरव्हेन्शन’साठी अहवालात ‘हस्तक्षेप’ आहे. मराठीत हस्तक्षेप बहुधा नको असताना होतो. लसीकरण, बंदी, जनजागृती यांना आपण ‘उपाययोजना’ म्हणतोच. तेव्हा अहवालातील शीर्षक ‘उपाययोजनेच्या मूल्यमापनासाठी छेदित कालश्रेणी विश्लेषण’ असे करता येईल, आणि पहिल्याच परिच्छेदात छेद कोणत्या तारखेचा, ते एका वाक्यात सांगावे.